जिगमधला प्ले: कुठला काढायचा, कुठला राहू द्यायचा

जिग म्हणजे सुरीला ठरलेल्या कोनात धार लावायचा साचा, आणि प्ले म्हणजे त्याच्या भागांमधली ढिलाई. आधी एक हिशोब. पातं धरणारा जबडा १० मिमी खोल आहे आणि पातं त्यात ०.२ मिमी डुलतंय, तर धारेचा कोन १ अंशाहून जास्त हलतो. तोच ०.२ मिमी प्ले दांड्याच्या सांध्यात असेल आणि सांधा धारेपासून २०० मिमीवर असेल, तर कोन हलतो जेमतेम ०.०६ अंश. वीसपट फरक. तरीही जिग खुळखुळतो म्हटलं की बहुतेक जण पहिला हात घालतात तो सांध्याला, कारण आवाज तिथून येतो. सांधा घट्ट होतो, आवाज थांबतो, आणि धार होती तशीच राहते.

या लेखातला जिग म्हणजे दांड्यावर चालणारा. पातं एका जागी पक्कं, दगड एका दांड्यावर, आणि दांड्याचं दुसरं टोक खांबावरच्या फिरत्या सांध्यातून सरकतं. सांधा वर-खाली केला की कोन बदलतो. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या हूड रिव्हर गावच्या बेन डेल यांचा एज प्रो हा या घराण्यातला नावाजलेला जिग. आपल्याकडे ऑनलाइन जे चिनी जिग स्वस्तात मिळतात त्यांतले बरेच त्याच धाटणीचे असतात. लॅन्स्कीच्या किटमध्ये वेगळा सांधा नसतो, जबड्यालाच १७, २०, २५ आणि ३० अंशांची लांबट भोकं असतात. विकेड एजमध्ये पातं उभं धरतात आणि दोन्ही बाजूंना एकेक दांडा असतो. रूप कुठलंही असो, भूमिती तीच. धार हा एक आधार, सांधा हा दुसरा. या दोन आधारांवर टेकलेला दगड पात्याशी किती कोन करतो एवढाच प्रश्न. विळीचं पातं मात्र अशा जिगमध्ये बसत नाही. तिच्यासाठी दगड हातातच धरायचा.

२०० मिमीच्या अंतरावर १ अंश म्हणजे ३.५ मिमी. हा आकडा कागदावर लिहून जिगजवळ चिकटवून ठेवा, पुढे प्रत्येक ठिकाणी लागणार आहे. तुमच्या जिगचं अंतर वेगळं असेल तर पट्टीने मोजा आणि त्या अंतराला ५७ ने भागा; उत्तर येईल तितके मिमी म्हणजे १ अंश.

ज्याला हात लावायची गरज नाही

सगळा प्ले वाईट नसतो. काही दिशांना जिग मोकळा असलाच पाहिजे, आणि काही दिशांना मोकळा असला तरी बिघडत काही नाही.

जिगचा पाया टेबलावर डुलतो, रबरी चूषक सुटतो, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. त्रास आहे खरा, पण कोनाचा नाही. पाया हलला की जबडा आणि सांधा दोघेही एकत्र हलतात, त्यांच्यातलं नातं बदलत नाही. जिग जाड प्लायच्या तुकड्यावर दोन बोल्टांनी बसवा आणि तो तुकडा जी-क्लॅम्पने टेबलाला धरा. सुरी हातात असताना जिग सरकू नये यासाठी हे करायचंच, पण धार सुधारेल या आशेने करू नका.

दांडा स्वतःभोवती गोल फिरतो, तोही फिरू द्या. त्यामुळेच दगड धारेवर सपाट टेकतो. सांध्याचा गोळा (वाटीत फिरतो तो) दांड्याच्या लांबीच्या दिशेने थोडा पुढे-मागे हलत असेल तर त्याचाही कोनावर नगण्य परिणाम होतो, कारण दांडा त्या दिशेने तसाही सरकतच असतो. सांध्यातल्या बुशात, म्हणजे दांडा सरकतो त्या नळीत, दांडा थोडा तिरका होत असेल तर घाबरू नका, गोळा फिरतो म्हणजे तिरका होण्याची मुभा आधीच दिलेली आहे. सांध्यात मोजायची एकच गोष्ट: दांडा आहे त्या जागेवरून वर किंवा खाली किती उचलला जातो.

आणखी एक गैरसमज. सरळ धारेच्या सुरीवर मुठीपासून पुढे जाताना सांध्यापासूनचं अंतर वाढतं, म्हणून कोन कमी होतो, असं पुष्कळांना वाटतं. सरळ धार आणि सांधा यांच्यातून एकच प्रतल जातं आणि दगड त्याच प्रतलात राहतो, त्यामुळे कोन बदलत नाही. बदलतो तो टोकाकडच्या वळणावर. तिथला उतार (धारेलगतचा घासलेला पट्टा) रुंद किंवा अरुंद येत असेल तर ते पातं धरण्याच्या जागेचं काम आहे, प्लेचं नाही. सुरी जबड्यात थोडी पुढे-मागे सरकवून बघा.

खोलण्याआधी मोजा

वर्कशॉपमध्ये काम करणारा माणूस डायल गेज आणि मॅग्नेटिक बेस काढेल, आणि ०.०१ मिमीचा डायल असेल तर उत्तमच. घरी ते नसतं. त्याऐवजी पन्नास-शंभर रुपयांचा लेझर पॉइंटर चालतो, आणि खरं सांगायचं तर या कामाला तो जास्त सोयीचा, कारण तो मिमी नाही, थेट कोन दाखवतो.

जबड्यात सुरीऐवजी सहा इंची स्टीलची पट्टी धरा. लेझर दोन रबरबँडने दांड्यावर दगडाच्या मागे बांधा. जिगचं तोंड ३ मीटर लांबच्या भिंतीकडे करा आणि भिंतीवर कागद लावा. दगड पट्टीच्या कडेवर टेकू द्या, ठिपका पडतो तिथे पेन्सिलीने खूण करा. आता सांध्याजवळ दांडा दोन बोटांनी हलकेच वर उचला, खूण करा. हलकेच खाली दाबा, खूण करा. ३ मीटरवर ५ मिमी म्हणजे ०.१ अंश. दोन खुणांमधलं अंतर १५ मिमी आलं तर सांध्यामुळे तुमचा कोन ०.३ अंश इकडेतिकडे होतोय. लेझर डोळ्यांच्या पातळीवर ठेवू नका आणि घरात मुलं असतील तर त्यांना बाहेर काढा. चकचकीत पट्टीवरून किरण कुठेही उडतो.

जबडा मोजताना मात्र पट्टी चालणार नाही, रोजची सुरीच लागेल. तिच्या धारेवर मास्किंग टेपचे दोन पदर लावा. लेझर बाजूला एखाद्या पुस्तकावर स्थिर ठेवा आणि किरण पात्याच्या चकचकीत भागावर पाडा. पातं मळकट असेल तर आरशाचा नखाएवढा तुकडा दुहेरी टेपने चिकटवा. परावर्तित ठिपका भिंतीवर जाईल. लाकडाच्या काडीने धारेजवळ दाब द्या, आधी वरून, मग खालून. परावर्तनात कोन दुप्पट होतो, त्यामुळे इथे ३ मीटरवर १० मिमी म्हणजे ०.१ अंश.

इथे एक गोष्ट नीट बघा. काडी काढल्यावर ठिपका मूळ जागी परत आला तर ती लवचीकता: पातं किंवा जबडा वाकतोय. ठिपका जिथे नेला तिथेच राहिला तर तो प्ले. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. स्क्रू आवळून लवचीकता जात नाही, आणि नुसता दाब कमी करून प्ले जात नाही.

किती चालेल? स्वयंपाकघरातल्या सुरीला सगळं मिळून ०.२ अंशाच्या आत असलं तर पुष्कळ झालं. आरशासारखा उतार हवा असेल तर ०.१ अंश. त्यापुढचं काम हौसेचं.

जबडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ०.१ अंशाचं लक्ष्य ठेवलं तर सांध्यात ०.३५ मिमी प्ले माफ आहे, पण १० मिमी खोल जबड्यात ०.०१७ मिमी. एवढं बारीक माप कानशीने साधत नाही, ते पकडीच्या पद्धतीनेच साधावं लागतं.

मूळ अडचण पात्याच्या आकारात आहे. बहुतेक सुऱ्या पाठीपासून धारेकडे निमुळत्या होत जातात. पाठीवर २ मिमी आणि ४० मिमी खाली धारेच्या मागे ०.४ मिमी, असं पातं घेतलं तर त्याच्या दोन बाजूंमध्ये २ अंशांहून जास्त उतार असतो. जबड्याचे ओठ समांतर. मग पातं आतल्या बाजूला, जाड भागावरच एका रेषेत पकडलं जातं आणि पुढचे ओठ मोकळे राहतात. स्क्रू कितीही आवळा, पातं त्या रेषेवर डुलतच राहणार. जास्त आवळलं तर ॲल्युमिनियमचा जबडा वाकतो आणि आटे जातात.

उपाय साधा आहे. जबड्यात पुढच्या ओठांपाशी, दोन्ही बाजूंना, मास्किंग टेपचे एक-दोन पदर लावा. वरच्या उदाहरणात १० मिमी खोलीत निमुळतेपणा ०.४ मिमीचा, म्हणजे एका बाजूला ०.२ मिमी भरायचे आहेत. कागदी टेपचे दोन पदर तिथपर्यंत जवळजवळ नेतात. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा साधारण ०.१ मिमी असतो, तो कात्रीने कापून कडा एमरी पेपरवर घासून घेतला तर उत्तम शिम, म्हणजे फट भरायची पातळ पट्टी, होतो. पितळी शिमचा पत्रा मुंबईत नागदेवीला किंवा कुठल्याही एमआयडीसीजवळच्या बेअरिंग-हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. भरपूर सुऱ्यांना धार लावणार असाल तर ०.०५ आणि ०.१ मिमीचे तुकडे घेऊन ठेवा.

जाड चामडं, सायकलच्या ट्यूबचं रबर, फोम यांपैकी काहीही घालू नका. ओरखडे पडत नाहीत म्हणून लोक घालतात, आणि प्लेच्या जागी स्प्रिंग बसवतात. पातं खुळखुळत नाही, पण प्रत्येक दाबाला वाकतं आणि परत येतं. लेझरचा ठिपका ते लगेच दाखवेल. ओरखड्यांची भीती असेल तर पात्यालाच एक पदर टेप लावा.

दोन स्क्रूंच्या जबड्यात क्रम महत्त्वाचा. पुढचा, पात्याजवळचा स्क्रू आधी हलकासा, पातं पडणार नाही इतपतच. मग मागचा स्क्रू आवळा. तो जबड्याची शेपटी फाकवतो आणि त्यामुळे पुढचे ओठ मिटतात. शेवटी पुढच्याला पाव फेरा. उलट क्रमाने केलं तर मागचा स्क्रू आधीच्याच स्थितीत राहतो आणि ओठ उघडेच राहतात. स्क्रूच्या डोक्याखाली वॉशर नसेल तर घाला. डोकं ॲल्युमिनियममध्ये रुतलं की पकड दर वेळी वेगळी येते.

मूळ एज प्रोमध्ये जबडा नसतो, पातं एका तिरप्या पाटावर टेकवून हाताने किंवा लोहचुंबकाने धरतात. तिथे प्ले म्हणजे बहुधा दगड घासून झालेला चिखल. पात्याखाली ०.१ मिमीचा एक कण आला आणि पातं ४० मिमी रुंद असेल तर कोन ०.१४ अंशाने फिरला. पाट दर दगडाला ओल्या फडक्याने पुसायचा, पात्याची खालची बाजूही. हे एवढं केलं तरी अर्ध्या तक्रारी मिटतात.

लांब, पातळ पात्याचं, उदाहरणार्थ मासे कापायच्या सुरीचं, टोक कितीही चांगल्या जबड्यात वाकणारच. तिथे दोन जबडे लागतात, नाहीतर पातं दोन टप्प्यांत, जबडा सरकवून करायचं. त्याला दुसरा इलाज नाही.

उलटणारा जबडा असेल तर तो दोन्ही स्थितींत एकाच जागी येऊन थांबतो का ते डिजिटल अँगल गेजने बघा. पात्यावर गेज चिकटवून एका बाजूचं वाचन घ्या, जबडा उलटा, दुसऱ्या बाजूचं घ्या. जबडा बरोबर १८० अंश फिरून थांबत असेल तर मधल्या निमुळतेपणामुळे दोन्ही बाजूंना सारखाच फरक दिसेल. दहा वेळा उलटूनही तेच वाचन येतंय का हे जास्त महत्त्वाचं. येत नसेल तर थांबवणाऱ्या खिट्टीत किंवा बेअरिंगमध्ये ढिलाई आहे.

सांधा: दाब कुठल्या बाजूला जातो?

आता आवाज जिथून येतो तिथे. पण हत्यार उचलण्याआधी दांड्यावरचे दाब समजून घ्या, कारण प्ले असूनही तो कायम एकाच बाजूला दाबलेला राहिला तर कोन हलत नाही.

दांडा दोन ठिकाणी टेकतो: धारेवर आणि सांध्यात. तुमचा हात धारेच्या पलीकडे, दांड्याच्या मुठीवर असतो. मुठीवर जोर दिला की दांडा धारेवर टेकून सी-सॉसारखा फिरायला बघतो, सांध्यातलं टोक वर उचललं जातं आणि प्ले वरच्या बाजूला जातो. वर म्हणजे कोन मोठा. आता हात हलका केला, बारीक दगडावर करतात तसा. मग दांड्याचं स्वतःचं वजन आणि सांध्याच्या मागे लोंबणारी शेपटी जास्त भरते, दांडा सांध्यात खाली बसतो. कोन लहान.

जाड दगडावर जोरात घासताना एक कोन, बारीक दगडावर हलक्या हाताने दुसरा, आणि तोही लहान. म्हणूनच कित्येकांची तीच तक्रार असते: बारीक दगडाने उताराचा मागचा खांदा (पाठीकडची कड) चकाकतो, पण धारेच्या शेंड्यापर्यंत चकाकी पोचतच नाही. दोष दगडाला लागतो. आकडा बघा: धारेमागची जाडी ०.४ मिमी, कोन १५ अंश, तर उतार साधारण ०.७५ मिमी रुंद. सांध्यात १ मिमी प्ले असेल तर २०० मिमीवर ०.२९ अंश होतात आणि उताराच्या रुंदीभर फरक पडतो सुमारे ४ मायक्रॉनचा. ३००० ग्रिटच्या दगडाने तेवढा धातू काढायला फार वेळ जातो, आणि तोवर माणूस कंटाळतो.

म्हणून पहिला उपाय फुकट आहे: हात कायम धारेच्या पलीकडे, मुठीवर, आणि शेवटच्या दगडालाही अगदी नाजूक पण एकसारखा दाब. बोट दगडाच्या मधोमध ठेवून दाबायची सवय असेल तर ती सोडा. दगड पुढे-मागे जाताना ते बोट धारेच्या कधी अलीकडे, कधी पलीकडे जातं आणि प्रत्येक फटक्यात सांधा एकदा वर, एकदा खाली आपटतो.

दुसरा उपाय साफसफाई. सांध्यात दगडाचा चिखल जातो, वाळतो, पुन्हा ओला होतो आणि गोळा व वाटी दोन्ही घासून काढतो. सांधा खोलून साबणाच्या पाण्यात जुन्या दात घासायच्या ब्रशने धुवा. प्लास्टिक असेल तर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर, धातू असेल तर शिवणयंत्राचं तेल. दांडा मात्र कोरडा ठेवा किंवा तेल लावून पुसून टाका. ओल्या दांड्यावर चिखल चिकटतो.

गोळ्याची वाटी आवळता येत असेल, तर दांडा हाताने फिरवत फिरवत हळूहळू आवळा. एक क्षण असा येतो की हालचाल मऊ न राहता झटक्या-झटक्याने व्हायला लागते. तिथून स्क्रू अष्टमांश फेरा मागे आणा आणि तो हलू नये म्हणून चेक नट लावा. झटके देणारा सांधा ढिल्या सांध्यापेक्षा वाईट. दांडा अडकतो, तुम्ही जोर लावता, दांडा वाकतो आणि धारेवर ओरखडा उमटतो. गोळा आणि वाटी एकमेकांत नीट बसत नसतील तर मध्ये ब्रासो घालून थोडा वेळ फिरवत राहा (प्लास्टिकला टूथपेस्ट), मग सगळं स्वच्छ धुऊन काढा. अपघर्षक आत राहिला तर तो काम करतच राहील.

तिसरा उपाय, आणि माझ्या मते खर्चाच्या मानाने सर्वांत चांगला: दांडा एका बाजूला कायम दाबून ठेवणं. दांडा ज्या बुशातून जातो त्याला वरून एम३ किंवा एम४ चा आटा पाडा. आत नायलॉनचा छोटा तुकडा, त्यावर बॉलपेनची स्प्रिंग कापून, वर ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू). स्प्रिंग दांड्याला बुशाच्या खालच्या भिंतीवर बसवून ठेवते. जोर किती? हाताने मुठीवर अर्धा किलो दाब दिला आणि मूठ धारेपासून १२० मिमीवर असेल, तर सांध्यात वर जाणारा जोर साधारण ३०० ग्रॅमचा. स्प्रिंगचा दाब त्याहून थोडा जास्त हवा, आणि दांडा तरीही सहज सरकायला हवा. नायलॉनऐवजी थेट पोलादी ग्रब स्क्रू टेकवू नका, दांड्यावर चरा पडतो. गोळा आणि वाटी यांच्यातला प्ले या स्प्रिंगने जात नाही. तो वाटीच्या स्क्रूनेच काढायचा.

एवढ्यानेही जमलं नाही, तर बुशच बदला. घरच्या ड्रिलने पाडलेलं ८ मिमीचं भोक कधीच ८ मिमी नसतं आणि गोलही नसतं. लेथवाल्याकडून गनमेटलचा किंवा डेल्रिनचा बुश करून घ्या आणि भोक रीमरने करायला सांगा. एच७ चं भोक आणि एच६ चा ग्राइंड केलेला दांडा असेल (एच७, एच६ म्हणजे मापात किती फरक चालेल त्याचे दर्जे) तर ८ मिमीवर दोघांमधलं अंतर फार तर ०.०२४ मिमी. कोनात ते ०.०१ अंशाच्याही आत, म्हणजे हा विषय संपलाच. असे क्रोम केलेले ८ मिमीचे सरळ दांडे थ्रीडी प्रिंटरचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे मिळतात.

त्याच दुकानात एलएम८यूयू नावाचं लिनियर बेअरिंग मिळतं: आत ८, बाहेर १५, लांबी २४ मिमी. ते बसवायचा मोह होतो. पण त्यातल्या बारीक गोळ्यांना कडक दांडा लागतो, मऊ दांड्यावर त्या रेघा पाडतात, आणि दगडाचा चिखल आत गेला की बेअरिंग संपलं. त्याच मापाचं, आत गोळ्या नसलेलं पॉलिमरचं बुश मिळतं. धुळीच्या आणि पाण्याच्या कामाला मी तेच घेईन.

रॉड एंड बेअरिंग (टोकाला भोकाचा फिरता गोळा आणि मागे आट्यांची शेपटी), पीओएस८ वगैरे, हाही लोकप्रिय बदल. त्याचा प्ले खरंच कमी असतो, विशेषतः टेफ्लॉनचं अस्तर असलेल्याचा. मात्र त्याचा गोळा एका बाजूला साधारण १३-१४ अंशच कलतो. सांधा धारेपासून २०० मिमीवर आणि पातं २०० मिमी लांब असेल तर टोकापर्यंत पोचायला दांडा दोन्हीकडे २६ अंश फिरायला हवा. पोचत नाही, मध्येच अडतो आणि दगड धारेवरून उचलला जातो. रॉड एंडची शेपटी खांबात पक्की न करता एखाद्या लहान बेअरिंगमध्ये उभी फिरती ठेवली तर आडवी हालचाल तिथे होते आणि गोळ्याला फक्त वर-खाली कलायचं राहतं. नाहीतर सुरी सरकवत चला.

लॅन्स्कीच्या भोकात दांडा आडवा फिरावा म्हणून ते मुद्दाम लांबट ठेवलेलं आहे. ते बुजवायला जाऊ नका. दांडा भोकाच्या एकाच कडेला टेकून चालेल असा हात ठेवा.

खांब, कॉलर, दांडा

खांब पायात आट्याने बसवलेला असेल तर खाली चेक नट आहे का बघा. नसेल तर घाला, नट बसत नसेल तर आट्यांवर प्लंबरच्या पांढऱ्या टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे. सरकणाऱ्या भागात ही टेप वापरू नका, ती सोलते आणि गोळा होते.

सांधा खांबावर एका बाजूने स्क्रूने आवळला जातो तेव्हा तो दर वेळी थोडा तिरका बसतो. खांबावर स्क्रूच्या टोकाने खड्डे पडले असतील तर नवी उंची लावली तरी स्क्रू जुन्याच खड्ड्यात घसरतो आणि तुम्ही लावलेली उंची अर्धा-पाऊण मिमी सरकते. खड्डे कानशीने सपाट करा, स्क्रूच्या टोकाखाली पितळेचा किंवा तांब्याचा छोटा तुकडा घाला. सांध्याच्या खाली खांबावर एक स्टॉप कॉलर (आवळायची कडी) लावली की उंची परत परत तीच मिळते.

दांडा सरळ आहे का हे खिडकीच्या काचेवर लाटून बघा. खाली उजेडाची फट दिसत-मिटत असेल तर दांडा वाकलाय. दांडा स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे वाक कधी वर येतो, कधी खाली. हा प्ले नाही, पण दिसतो अगदी तसाच. सरळ करत बसण्यापेक्षा नवा घ्या.

दगड

दगड मध्ये खोलगट झाला असेल तर वरचं सगळं काम पाण्यात. १५० मिमी लांब दगड मध्ये ०.३ मिमी खोल गेला, तर दोन्ही टोकांना त्याचा उतार जवळजवळ ०.४६ अंश होतो. म्हणजे एका फटक्यात कोन एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत ०.९ अंश फिरतो. कुठलाही सांधा इतका वाईट नसतो. स्टीलची पट्टी दगडावर उभी धरा, मागे टॉर्च लावा. मधून उजेड दिसला की दगड सपाट करा. जाड काचेवर सिलिकॉन कार्बाइडची पावडर आणि पाणी, किंवा काचेवर चिकटवलेला १२० चा वॉटर पेपर. आधी दगडावर पेन्सिलीने जाळी काढा, ती पूर्ण पुसली गेली की झालं.

धारकात दगड लांबीच्या दिशेने वर-खाली होत असेल तर धारकाच्या खाचेत टेपचा पदर द्या किंवा स्प्रिंगचा ताण वाढवा. दगड ॲल्युमिनियमच्या पट्टीवर चिकटवलेला असेल आणि एक कोपरा सुटला असेल तर पूर्ण काढून नव्याने चिकटवा, कोपऱ्यात गोंद भरू नका.

जाडी प्रत्येक दगडाची वेगळी असते. १ मिमी फरक म्हणजे २०० मिमीवर ०.२९ अंश, आणि हा फरक प्ले समजून लोक सांधा आवळत बसतात. प्रत्येक दगड बदलल्यावर अँगल गेजने कोन परत लावा. गेज नसेल तर सगळ्यात पातळ दगडाला शून्य धरा, बाकी प्रत्येकाच्या जाडीत व्हर्नियरने फरक मोजा आणि तेवढ्या जाडीचा वॉशर किंवा शिम सांध्याखालच्या कॉलरवर ठेवा. पातळ दगड दांड्याला धारेजवळ आणतो, म्हणून सांधा नेमका किती आणि कुठल्या दिशेने हलवायचा हे तुमच्या जिगमध्ये एकदा मार्करने पडताळून घ्या.

पडताळणी

काळा परमनंट मार्कर धारेच्या उतारावर दोन्ही बाजूंना फिरवा. ज्या दगडाने आणि ज्या जोराने काम करणार, त्यानेच दोन फटके. शाई पूर्ण रुंदीभर एकसारखी गेली पाहिजे. मग पुन्हा मार्कर, आणि आता बारीक दगड, हलका हात. शेंड्यापाशी शाईची काळी रेघ उरली तर सांधा अजून खाली-वर होतोय किंवा जाडीचा हिशोब चुकलाय. लेझरने सांधा पुन्हा मोजा. तिथे आकडा चांगला असेल तर जाडी तपासा. खांद्यापाशी शाई उरली आणि शेंड्यावर गेली तर बारीक दगडाचा कोन मोठा आहे. सुरी कापेल चांगली, फक्त दोन उतार दिसतील. पुष्कळ जण हे मुद्दामच करतात.

शाई पट्ट्यापट्ट्यांनी जात असेल, कुठे गेली, कुठे राहिली, तर परत जबड्याकडे. पातं तिथे डुलतंय.

जिग रोज वापरात असेल तर नायलॉनचा तुकडा आणि ओठांवरची टेप झिजते. टेप दर सुरीला नवी लावा, एका रोलवर शेकडो सुऱ्या होतात. स्प्रिंगचा ग्रब स्क्रू अधूनमधून पाव फेरा आवळा, आणि दांड्यावर बुशाच्या दोन्ही बाजूंना फेल्टचा वॉशर घातलात तर चिखल आत जायचा बराच थांबतो.